गटारापासून गंगासागरापर्यंत: समुद्रातल्या प्लास्टिकवर पत्त्यांचा खेळ घरी कसा तयार करावा

सोसायटीतल्या मुलांसाठी मी केलेला पहिला खेळ दोन डावांत मेला. बत्तीस पत्ते, प्रत्येकावर एका समुद्री प्राण्याचं चित्र, खाली चार ओळी माहिती, बरोबर उत्तराला गुण. तिसऱ्या डावाला एकानं विचारलं, "काकू, समुद्र कुठे आहे इथे?" आणि सगळी झब्बू खेळायला बसली.

प्रश्न रास्त होता. इंदूरहून समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसून मुंबई गाठावी लागते. शिवाय आपली मुलं पहिल्या नंबराच्या शहरात वाढलेली. २०१७ साली इंदूर स्वच्छतेत देशात अव्वल ठरलं, तेव्हापासून त्यांना एवढंच माहीत आहे की सकाळी गाडी येते, ओला-सुका वेगळा टाकायचा, विषय संपला. समुद्रातल्या कासवाशी आपला काय संबंध?

दुसरी चूक माझी होती. मी गृहपाठाला पत्त्यांचे कपडे घातले होते. मेंढीकोट खेळताना हुकूम म्हणजे काय हे कुणी वाचून शिकत नाही, आपला एक्का कुणीतरी दुर्रीनं मारला की ते कळतं. तसंच इथेही व्हायला हवं. सांगायचं ते नियमात असावं, पत्त्यावरच्या मजकुरात नव्हे. पुढे पाच वेळा मोडून-जोडून जो खेळ उभा राहिला, तो कसा केला ते इथे सांगते. साठ पत्ते, तीन ते पाच भिडू, अर्ध्या तासाचा डाव, वय आठच्या पुढे. कच्चा कॅट दोन रविवारांत हातात येतो.

आधी नकाशा, मग मासे

कागद-कात्री काढण्याआधी मध्य भारताचा नकाशा जमिनीवर पसरा आणि मुलांना बोटानं पाणी शोधायला लावा. इंदुरातल्या कान्ह आणि सरस्वती या नद्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या समाध्यांपाशी, भेटतात. कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना प्रयागराजला गंगेला, आणि गंगा बंगालच्या उपसागराला. हा झाला एक रस्ता.

दुसरा रस्ता सापडला तेव्हा आमच्या बैठकीत एकदम शांतता झाली. इंदूरजवळचा पातालपाणीचा धबधबा चोरल नदीवर आहे. चोरल दक्षिणेला उतरते, बडवाहजवळ नर्मदेला मिळते, आणि नर्मदा भरूचच्या पुढे खंभातच्या आखातात जाते. म्हणजे आपण पाणलोटाच्या वरंब्यावर बसलेलो आहोत. घरामागच्या नाल्यात पडलेली पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, पूर्वेच्या समुद्राकडे निघते, सहलीला टाकलेलं चिप्सचं पाकीट पश्चिमेच्या. त्यातही गंमत अशी की बडवाहच्या खाली जलूदहून नर्मदेचं पाणी उचललं जातं आणि तेच आपल्या नळाला येतं. एक मुलगी हळूच म्हणाली, "आपण मागच्या पावसाळ्यात पातालपाणीला गेलो होतो ना..." पुढे कुणी काही बोललं नाही. मीही नाही, कारण डबे मीच भरले होते.

मात्र इथे प्रामाणिक राहा. वाटेत धरणं आहेत. चंबळेवर गांधीसागर, राणाप्रताप सागर, जवाहर सागर आणि कोट्याचा बंधारा, नर्मदेवर सरदार सरोवर. नाल्यातलं सगळंच समुद्राला पोचतं असं दाखवलं तर खेळ खोटा पडेल आणि एखादा नववीतला मुलगा ते पकडेलच. धरणाची सोय नियमांत केली आहे, खाली येईल.

आणखी एक गोष्ट या टप्प्यावर सांगण्यासारखी. समुद्रातलं प्लास्टिक मुख्यतः दहा-वीस महानद्या आणतात असं आधी मानलं जायचं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानं नद्यांमधून जाणाऱ्या प्लास्टिकचा ८० टक्के भाग १००० पेक्षा जास्त नद्यांमध्ये विभागलेला आहे असा अंदाज मांडला, आणि त्यात शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्याही पुष्कळ निघाल्या. कान्हसारख्या नदीवर खेळ करायला एवढं कारण पुरे.

आता खेळाचं एक वाक्य लिहून भिंतीवर चिकटवा. आमचं असं होतं: नाल्यात अडवणं स्वस्त, समुद्रातून काढणं महाग. पुढे एखादी कल्पना आवडली पण या वाक्याशी जुळली नाही की ती काढून टाकायची. माझ्या एका भाच्यानं सुचवलेली शार्कची लढाई अशीच गेली. तो अजून रुसलेला आहे.

बादलीचा प्रयोग: कचऱ्याचे पत्ते

कचऱ्याचे प्रकार सहाच ठेवा आणि त्यांची नावं घरात वापरतो तीच ठेवा. आमच्याकडे पॉलिथिन बॅग कुणी म्हणत नाही, मराठी घरातही ती पन्नीच असते. पत्ते असे: पाऊच ६, पन्नी ५, बाटली ४, झाकण ४, थर्माकोल ३, जाळं २. एकूण २४. पाऊच सर्वात जास्त, कारण शॅम्पूच्या आणि गुटख्याच्या पुड्या थरांवर थर चिकटवून केलेल्या असतात आणि भंगारवाला त्यांना हात लावत नाही. बाटलीला भाव आहे, पुडीला नाही. हा फरक नियमात आणायचा आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

बाटली आणि झाकण वेगळे पत्ते का, हे समजायला बादलीभर पाणी घ्या. पाण्याच्या बाटलीचा कात्रीनं कापलेला तुकडा आणि तिचंच झाकण पाण्यात टाका, दोन्ही बोटानं दाबून बुडवा आणि सोडा. झाकण वर येतं, तुकडा तळाला जातो. साध्या पाण्याची घनता १ धरली तर बाटलीच्या प्लास्टिकची साधारण १.३८, समुद्राच्या पाण्याची १.०२५ च्या आसपास, आणि झाकणाचं प्लास्टिक साध्या पाण्यापेक्षाही हलकं. एकाच वस्तूचे दोन भाग समुद्रात दोन वेगळ्या मजल्यांवर राहायला जातात. म्हणून आमच्या खेळात बाटली फक्त तळाशी राहणाऱ्या आणि चरणाऱ्या प्राण्यांना बाधते. मुलांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही, हात ओले झालेले असतात. (झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली तरंगते हे कुणीतरी दाखवून देईलच. त्याला शाबासकी द्या आणि 'आपल्या खेळातल्या बाटल्यांची झाकणं उडालेली आहेत' असं ठरवून टाका.)

जाळं मात्र इंदूरच्या नाल्यातून येत नाही. मच्छीमारांची तुटलेली, सोडून दिलेली जाळी पाण्यातच फिरत राहतात आणि पकडत राहतात. पॅसिफिक महासागरातल्या मोठ्या कचरापट्ट्याची २०१८ मध्ये जी मोजदाद प्रसिद्ध झाली, तिच्यात वजनाने ४६ टक्के जाळीच होती. सगळा दोष पन्नीवर टाकणारा खेळ करायचा नसेल तर हे दोन पत्ते ठेवाच. एकावर 'नदी' लिहा, दुसऱ्यावर 'समुद्र'. ते उलटले की थेट तिथे पडतात.

प्राणी निवडताना

बारा प्राणी घ्या. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण खेळाचा जीव इथे आहे. प्रत्येक प्राण्यावर त्याला बाधणाऱ्या कचऱ्याची एक किंवा दोन चिन्हं येणार, आणि ती जोडी खरी असली पाहिजे. 'कासव + प्लास्टिक = वाईट' एवढ्यावर भागत नाही. का, ते शोधायचं.

लेदरबॅक कासवाचं मुख्य अन्न जेलीफिश. तरंगती पन्नी जेलीफिशसारखी दिसते. त्यात या कासवाच्या घशात आतल्या बाजूला वळलेले काटे असतात, निसटतं भक्ष्य आत ढकलण्यासाठी. गिळलेली पन्नी मग सहज बाहेर येत नाही. चिन्ह: पन्नी.

व्हेल शार्क हा जगातला सर्वात मोठा मासा, पण जगतो गाळून घेतलेल्या बारीक जीवांवर. गुजरातच्या किनाऱ्याला येतो, २००१ पासून त्याला कायद्यानं संरक्षण आहे. तोंड उघडून पाणी आत घेणाऱ्याला तुकडे निवडता येत नाहीत, म्हणून त्याच्यावर पाऊच आणि थर्माकोल, दोन्ही तुटून बारीक होणारे.

अल्बट्रॉस पक्षी आपल्याकडचा नव्हे, पॅसिफिकचा पाहुणा, पण झाकणासाठी मी त्याला बोलावलाच. मिडवे बेटावर हे पक्षी पिलांना प्लास्टिकचे तुकडे आणि झाकणं भरवतात. ते मूर्ख म्हणून नव्हे. समुद्रात बरेच दिवस राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ चढतं आणि त्याला एक विशिष्ट गंधकयुक्त वास येतो. वासावरून अन्न शोधणारे अनेक समुद्री पक्षी नेमक्या त्याच वासाच्या मागे जातात, असं २०१६ च्या संशोधनात मांडलं गेलं. आमच्याकडे एका मुलानं हे ऐकून सांगितलं, "म्हणजे त्याला सराफ्यात गेल्यासारखं वाटतं!" अगदी तसंच, इंदूरचा सराफा रात्री खाऊगल्ली होतो.

प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नाही, यावर निम्मी घरं पैज हरतील. आशिया-पॅसिफिकमधल्या १५९ प्रवाळभित्तींच्या २०१८ मधल्या अभ्यासात प्लास्टिक अडकलेल्या प्रवाळाला रोग असण्याची शक्यता ४ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेलेली दिसली. चिन्हं बाटली आणि पन्नी, राहणं तळाशी.

ओडिशाच्या गहिरमाथ्याला हजारोंनी अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले कासव जाळ्यासाठी घ्या. नदीच्या टप्प्यावर चंबळेतला घडियाल (लांब तोंडाची मगर) आणि गंगेची डॉल्फिन घ्या, दोघांवर फक्त जाळं. हे तिघेही हवेत श्वास घेतात. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही की संपलं, म्हणून जाळ्याला आजारपण नाही, थेट मरण आहे. उरलेले पाच तुमच्या मनानं. मी हिरवं कासव, हॉक्सबिल कासव, डुगाँग (समुद्रगाय), पाकट (चपटा मासा) आणि एक खाडीतली डॉल्फिन घेतली. हिरवं कासव आणि डुगाँग समुद्रगवत चरतात, पाकट तळाला चिकटून असते. या तिघांवर 'तळ' असा शिक्का आणि बाटलीचं चिन्ह.

पत्त्यावर आकडे छापणार असाल तर जपून. 'बाटली कुजायला ४५० वर्षं' आणि '२०५० मध्ये माशांपेक्षा प्लास्टिक जास्त' ही दोन वाक्यं प्रत्येक पोस्टरवर असतात. प्लास्टिकचा शोध लागून तेवढी वर्षंच झालेली नाहीत, आणि समुद्रातल्या एकूण माशांचं वजन कुणी तराजूत घातलेलं नाही. मी दोन्ही गाळली.

नियम

उरले कामाचे १६ पत्ते, पावसाचे ४ आणि जागांचे ४: नाला, नदी, धरण, समुद्र. कामाचे असे: सफाई कामगार ५ (काहीही उचलतो), चाळण ४ (फक्त नाल्यात चालते), भंगारवाला ४ (फक्त बाटली आणि झाकण), घरची पिशवी ३ (पन्नी किंवा पाऊच उलटताक्षणी, नाल्यात पडायच्या आधीच बाद).

नाला, नदी, समुद्र ओळीनं मांडा. प्रत्येक भिडूला दोन प्राणी वाटा, ते सर्वांना दिसतील असे समोर ठेवायचे. उरलेले प्राणी बाजूला. कचरा आणि काम एकत्र पिसून चाळीस पत्त्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे करा, प्रत्येकात एक पाऊस घालून तो गठ्ठा वेगळा पिसा, आणि चारही एकावर एक रचा. हा खटाटोप का, ते पुढे कळेल.

आपल्या पाळीला वरचा पत्ता उलटायचा. काम निघालं तर हातात घ्यायचं. कचरा निघाला तर नाल्यात. त्यानंतर हवी तेवढी कामं वापरून कचरा उचलता येतो: नाल्यातला एक पत्ता उचलायला एक काम, नदीतला उचलायला दोन, समुद्रातला उचलायला चार. दुसऱ्या भिडूकडून काम मागता येतं, द्यायचं की नाही ही त्याची मर्जी. खरी मजा या 'मर्जी'त आहे.

पाऊस निघाला की सगळा कचरा एक जागा पुढे सरकतो. मग समुद्रात असलेला प्रत्येक कचरा, नवा आणि जुना, जुळत्या चिन्हाच्या एका प्राण्याला बाधतो. कुणाच्या प्राण्याला, हे पाऊस उलटणारा ठरवतो. पहिल्यांदा बाधला की प्राणी आडवा करायचा, म्हणजे आजारी. दुसऱ्यांदा बाधला की पालथा, म्हणजे गेला. जुळणारा प्राणीच नसेल तर काही होत नाही. जाळं निघालं की ते आपल्या जागी पडतं आणि त्याच क्षणी तिथल्या एका प्राण्याला पालथा करतं.

गठ्ठा संपला की डाव संपला. धडधाकट प्राण्याला दोन गुण, आजाऱ्याला एक. जास्त गुणवाला जिंकला. पण पटावरचे निम्मे किंवा जास्त प्राणी गेले असतील तर सगळेच हरले.

मोठ्या मुलांबरोबर धरण मांडा, नदी आणि समुद्राच्या मध्ये. पावसात नदीतला कचरा तिथे अडतो. चार मावतात. पाचवा आला की दरवाजे उघडतात आणि पाचही एकदम समुद्रात. धरणाच्या भरवशावर बसलेल्या भिडूंचे चेहरे त्या वेळी बघण्यासारखे असतात.

खेळून बघणं, म्हणजे खेळ मोडणं

पहिली प्रत चित्रांविना करा. जुन्या लग्नपत्रिका कापल्या तर छान जाड पत्ते मिळतात, पाठीमागे गणपती असला तरी चालतं. पेन्सिलीनं लिहा, कारण खोडायचंच आहे.

आमच्या पहिल्या प्रतीत नदी आणि समुद्राच्या मध्ये 'किनारा' होता. दिसायला बरोबर, खेळायला कंटाळवाणं. पाऊस चार आणि समुद्रापर्यंत उड्या तीन, म्हणजे दुसऱ्या पावसाच्या आधी निघालेला कचराच समुद्राला पोचू शकत होता. समुद्र जवळजवळ रिकामा राहायचा आणि प्राणी मजेत. किनारा काढला. मग एका डावात चारही पाऊस पहिल्या दहा पत्त्यांत निघाले आणि पुढे अर्धा तास दुष्काळ. तेव्हापासून गठ्ठ्यांची युक्ती.

कामं आधी वीस होती, कचरा चोवीस. दर वेळी मुलं जिंकायची. सोळा केली, म्हणजे एकास एक लावलं तरी आठ कमी पडतात, आणि ती कमतरता मुद्दाम आहे. आता कुठला कचरा सोडून द्यायचा यावर भांडण होतं. प्रत्येक जण आपल्या प्राण्याला बाधणारा आधी उचलतो, शेजाऱ्याचं कासव गेलं तर हळहळतो, आणि शेवटी निम्मे गेले की सगळे मिळून एकमेकांना शिव्या देतात. सुरुवातीला मी सगळ्यांचा मिळून एकच डाव ठेवला होता, तेव्हा बारा वर्षांची एक ताई सर्वांचे पत्ते एकटीच खेळत होती. प्राणी आपापले केल्यावर ते थांबलं.

चाचणीत दोन पथ्यं. एका वेळी एकच नियम बदला, नाहीतर कशानं सुधारलं ते कळत नाही. आणि शेवटच्या दोन चाचण्यांना अनोळखी घरात नियमांचा कागद द्या आणि तोंड बंद ठेवा. ते चुकीचं खेळत असतील तर चूक कागदाची.

चित्रं आणि छपाई

पत्ते पंख्यासारखे हातात धरले की पत्त्याचा फक्त डावा वरचा कोपरा दिसतो. चिन्ह तिथे, आणि तेच उलट करून खाली उजवीकडे. लाल-हिरवा फरक न दिसणारी मुलं असतात, म्हणून रंगाबरोबर आकारही वेगळा हवा. इथे सावंतवाडीच्या गंजिफ्याकडे, म्हणजे हातानं रंगवलेल्या जुन्या पत्त्यांकडे, बघण्यासारखं आहे. दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पत्ते, दहा रंग (इस्पिक-बदामसारखे गट), आणि पहिले दोन रंग मत्स्य आणि कूर्म. मासा आणि कासव आपल्या पत्त्यांवर फार आधीपासून आहेत, आणि ते ओळखायला अक्षर लागत नाही.

मजकूर दोन ओळींपेक्षा जास्त नको. कडेपासून पाच मिलिमीटर आत ठेवा, नाहीतर वेलांट्या कटरखाली जातात. पीडीएफ केल्यावर जोडाक्षरं फुटली आहेत का ते एकदा मोठं करून बघा. आमच्या पहिल्या छपाईत 'क्षिप्रा' पत्त्यावर अशी काही आली होती की उज्जैनवाल्यांनी ओळखली नसती.

माप ६३ × ८८ मिलिमीटर ठेवलं तर ए-फोरवर नऊ पत्ते बसतात, म्हणजे सात कागद. ३०० ते ३५० जीएसएमचं (म्हणजे दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं) आर्ट कार्ड इंदूरच्या खजुरी बाजारात सहज मिळतं. पाठ सगळ्यांची एकसारखी आणि गडद ठेवा, फिक्या कागदातून पाऊस ओळखू येतो आणि चलाख पोरं ते दुसऱ्याच डावाला शोधतात.

आता अवघड जागा. छापखान्यात पहिलं वाक्य ऐकू येईल, "मॅडम, लॅमिनेशन करून देऊ ना?" लॅमिनेशन म्हणजे कागदावर चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म, आणि एकदा चिकटली की तो कागद रद्दीवालाही घेत नाही. म्हणजे आपणच एक मोठा पाऊच तयार करायचा. मी नको म्हटलं तेव्हा काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. पाण्यावर आधारित वॉर्निश मिळत असेल तर ते मारून घ्या. नसेल तर कोरे ठेवा आणि पोहे खाऊन झाल्यावर हात धुवायचा नियम करा. कोरे पत्ते सहा महिन्यांत मळतात, कोपरे मऊ होतात. होऊ देत. डबीऐवजी जुन्या साडीची नाडीची पिशवी शिवा.

सात कागदांवर त्रेसष्ट जागा होतात आणि पत्ते साठच. उरलेले तीन कोरेच कापून घ्या. एक हरवलेल्या पत्त्यासाठी, आणि दोन मुलांनी नवा प्राणी सुचवला तर. आमच्याकडे त्यातल्या एकावर सध्या पेन्सिलीनं काढलेला शार्क आहे, भाच्यानं परस्पर काढलेला, चिन्ह अजून ठरलेलं नाही.